न्येरेरे यांचे ग्रंथ व त्यांचें राज्य

राज्य करणाऱ्या पुरुषांनीं ग्रंथ लिहावे यांत नवल नाहीं. आत्मचरित्रें, भाषणसंग्रह आणि लढायांच्या हकीकती यांनीं ग्रंथालयांचीं कपाटें भरलेलीं आहेत, आणि त्यांतील बरींच पुस्तकें कपाटांतच राहण्याच्या योग्यतेचीं आहेत. परंतु राज्याचीं सूत्रें हातीं असतांना शेक्सपिअरचें आख्खें नाटक आपल्या देशाच्या भाषेंत उतरवूं पाहणारा राज्यकर्ता विरळाच. एकोणिसाव्या शतकांत पोर्तुगालचा राजा पहिला लुईस यानें ‘हॅम्लेट’चें पोर्तुगीज भाषांतर केलें होतें, पण तो घटनेनें बांधलेला राजा होता, त्याला फुरसत होती, आणि पोर्तुगीज भाषेची योग्यता कोणास सिद्ध करून दाखवावयाची नव्हती. टांगानिकाचे पहिले मुख्य प्रधान व पुढें टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना यांपैकीं एकहि सवलत नव्हती. तरी त्यांचें ‘ज्युलियस सीझर’ १९६३ सालीं, म्हणजे देश स्वतंत्र होऊन दोन वर्षें होतात न होतात तोंच, स्वाहिली भाषेंत प्रसिद्ध झालें. १९६९ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली व त्याच वर्षीं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चेंहि भाषांतर आलें. यांशिवाय त्यांच्या इंग्रजी लेखांचे व भाषणांचे तीन जाडजूड खंड १९६६, १९६८ आणि १९७३ या वर्षीं निघाले. तिन्ही खंडांच्या नांवांत पहिला शब्द ‘स्वातंत्र्य’ हाच आहे. दुसरा मात्र बदलत गेला आहे. प्रथम एकता, मग समाजवाद, मग विकास.

न्येरेरे यांच्या कारकीर्दीचा साद्यंत इतिहास येथें सांगण्याचा आमचा उद्देश नाहीं. त्यांनीं जें लिहिलें आणि जें केलें तीं दोन्ही शेजारीं ठेवून वाचावीं, एवढाच हेतु आहे. तसें वाचूं लागलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. त्यांच्या राज्यावर परकीयांनीं व स्वकीयांनीं पुष्कळ टीका केली आहे. पण त्यांतील सर्वांत मर्मभेदी टीका त्यांच्याच ग्रंथांत आहे, आणि ती टीकेचें कारण घडण्यापूर्वीं पांच-सहा वर्षें लिहून ठेवलेली आहे.

त्यांचा जन्म १९२२ सालीं व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेस बुतिआमा या खेड्यांत झाला. वडील झनाकी नांवाच्या एका लहानशा जमातीचे प्रमुख होते. वयाच्या बारा वर्षांपर्यंत मुलानें शाळेंत पाऊल टाकलें नव्हतें. एकदां टाकल्यावर मात्र शाळा सुटली नाहीं. मुसोमा, ताबोरा, कंपाला येथील मकेरेरे कॉलेज आणि अखेर १९४९ ते १९५२ पर्यंत एडिंबरो विद्यापीठ, असा हा प्रवास झाला. तेथून एम्. ए. होऊन परतल्यावर दार-एस-सलामजवळच्या पुगू येथील कॅथलिक शाळेंत ते मास्तर झाले. १९५४ च्या जुलईंत त्यांच्या पुढाकारानें ‘टानू’ हा राष्ट्रीय पक्ष निघाला, आणि पुढच्या वर्षीं नोकरी कीं राजकारण असा प्रश्न उभा राहतांच त्यांनीं नोकरी सोडली. लोक मात्र त्यांना अखेरपर्यंत ‘म्वालिमू’ म्हणत राहिले. हा शब्द अरबी ‘मुअल्लिम’ पासून आलेला असून त्याचा अर्थ गुरुजी असा आहे. आपण स्वेच्छेनें शिक्षक आणि अपघातानें राजकारणी झालों असें ते म्हणत. आमच्या मतें यांतील पहिला भाग पूर्णपणें खरा आहे आणि दुसरा अर्धवट. कारण सत्तेवर आल्यावरहि त्यांनीं शाळा सोडली नाहीं, ती देशाएवढी मोठी केली.

प्रथम भाषांतरांविषयीं. स्वाहिली ही न्येरेरे यांची मातृभाषा नव्हे. घरची बोली झनाकी. स्वाहिली ते शाळेंत शिकले आणि इंग्रजी त्याहून मागाहून. म्हणजे एका शिकलेल्या भाषेंतून दुसऱ्या शिकलेल्या भाषेंत हें काम चाललें होतें. किनाऱ्यावर स्वाहिलीची काव्यपरंपरा जुनी आहे. शतकानुशतकें ती अरबी लिपींत लिहिली जात होती. तिचे वृत्तनियम कडक आहेत: प्रत्येक चरणांतील अक्षरसंख्या ठरलेली व यमकें बांधलेलीं. ‘उतेंझी’ नांवाचा त्यांतील छंद तर आमच्या ओवीची आठवण करून देणारा आहे. आठ-आठ अक्षरांचे चार चरण, पहिल्या तिघांना एक यमक, आणि चौथ्याचें यमक वेगळें. फरक इतकाच कीं हें चौथें यमक सबंध काव्यभर एकच चालतें. अशा परंपरेंत निर्यमक पद्य आणणें म्हणजे यमकाशिवाय काव्य नाहीं असें मानणाऱ्या पंडितांचा रोष ओढवून घेणें. न्येरेरे यांनीं तो पत्करला. शेक्सपिअरच्या पात्रांनीं यमकें जुळवीत बोलावें हें त्यांना पटलें नाहीं, आणि आमच्या मतें त्यांचें करणें योग्य होतें. कारण ज्या नाटकांत एक मनुष्य दुसऱ्याला बोलून वश करतो, त्या नाटकांत बोलणें बोलण्यासारखें वाटलें पाहिजे.

आमच्याकडे हें काम निराळ्या रीतीनें झालें. आगरकरांचें ‘विकारविलसित’ (१८८३) किंवा देवलांचें ‘झुंझारराव’ (१८९०) घेतलें तर डेन्मार्क आणि व्हेनिस हीं पार पुसून टाकून पात्रांना एतद्देशीय नांवें, वेष व रीतिरिवाज दिलेले आढळतात. परकीय पाहुण्याला घरचे कपडे नेसवून पंक्तीस बसवावें अशी ही रीत होय, आणि रंगभूमीवर ती यशस्वी झाली यांत शंका नाहीं. न्येरेरे यांनीं रोम रोमच ठेविलें. सीझरचा ‘कैझारी’ झाला तो केवळ जिभेच्या सोयीपुरता. शेक्सपिअर आपल्या प्रेक्षकांस गोड लागावा ही आगरकर-देवलांची चिंता होती. न्येरेरे यांची चिंता वेगळी दिसते: शेक्सपिअरचा भार आपली भाषा सोसूं शकते कीं नाहीं. दोनही हेतु उचितच; पण दुसऱ्यांत परीक्षा नाटकाची नसून भाषेची आहे. शंभरावर जमाती आणि तितक्याच बोली असलेल्या देशांत राज्यकारभार, कायदा आणि शिक्षण ज्या भाषेंतून चालवावयाचें, तिला कोणी बाजारांतली बोली म्हणून हिणवूं नये, यासाठीं राष्ट्राच्या प्रमुखानें स्वतःच परीक्षेस बसावें, हें शिक्षकी वृत्तीला साजेसेंच झालें.

‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या नांवांत मात्र भाषांतरकाराच्या हातावर राज्यकर्त्याचा हात पडलेला दिसतो. मूळ नांवांत व्यापारी एक आहे आणि तो निंद्य नाहीं. स्वाहिली नांव आहे ‘माबेपारी वा वेनिसी’. ‘माबेपारी’ हें ‘बेपारी’ या शब्दाचें अनेकवचन. आमच्या वाचकांच्या कानाला हा शब्द ओळखीचा वाटेल आणि तो ओळखीचाच आहे. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या व्यापाऱ्यांबरोबर तो समुद्रापलीकडे पोंचला. परंतु तेथें त्याचा अर्थ हळूहळू पालटून भांडवलदार, पैशावर पैसा मिळविणारा, असा झाला. तेव्हां १९६९ च्या स्वाहिली वाचकापुढें आलें तें ‘व्हेनिसचे भांडवलदार’. एका अनेकवचनानें अँटोनिओ आणि शायलॉक एकाच पारड्यांत बसले! हें चुकलें असें आम्ही एकदम म्हणणार नाहीं. त्या नाटकांत ख्रिस्ती व्यापारी निर्मळ आणि यहुदी सावकार मलिन असा जो भेद पुष्कळांस सोयीचा वाटत आला, तो या नांवानें नाहींसा होतो, आणि तो जाणें इष्टच आहे. पण त्याच बरोबर अँटोनिओच्या मैत्रीची ऊबहि नाहींशी होते. समाजवादाचा जाहीरनामा निघून दोनच वर्षें झालीं होतीं. त्याची शाई शीर्षकावर सांडली आहे.

‘सीझर’ विषयीं कित्येक टीकाकारांनीं नांवाच्या योगायोगावरून तर्क लढविले आहेत. ज्युलियसनें ज्युलियसच निवडावा, त्यांत गूढ असलेंच पाहिजे! आम्हांस तें गूढ सीझरमध्यें नाहीं, ब्रूटसमध्यें दिसतें. चौकांतल्या त्या प्रसिद्ध प्रवेशांत ब्रूटस आणि अँटनी अशीं दोन भाषणें होतात. ब्रूटस गद्यांत बोलतो, कारणें देतो, श्रोत्यांच्या बुद्धीला आवाहन करतो. अँटनी प्रेतावरचें वस्त्र दूर करतो. न्येरेरे यांचें इंग्रजी गद्य ब्रूटसच्या जातीचें आहे. त्यांत उपमा थोड्या, वाक्यें लहान, आक्षेप आधींच मांडून मग उत्तर देण्याची संवय, आणि ‘हें असें कां’ याचा सतत खुलासा. आफ्रिकेंतील त्या पिढीच्या इतर पुढाऱ्यांच्या लेखनांत जो नगाऱ्याचा आवाज ऐकूं येतो, तो येथें नाहीं. वाचतांना फळ्यासमोर खडू घेऊन उभा असलेला मनुष्य डोळ्यांपुढें येतो. परंतु ब्रूटसच्या स्वभावांत एक खोट आहे, आणि ती त्याच्या सद्गुणांतूनच निघालेली आहे. आपला हेतु शुद्ध आहे, म्हणून आपलें कृत्यहि शुद्ध ठरेल असें त्याला वाटतें.

स्वातंत्र्याच्या आगेमागे न्येरेरे यांचें जें वर्तन घडलें त्यांत या खोटीचा मागमूस नाहीं, उलट पटवून देण्याची त्यांची कला तेथें पूर्ण तेजानें चमकते. १९५८ च्या निवडणुकीसाठीं ब्रिटिश सरकारनें अशी अट घातली होती कीं, प्रत्येक मतदारानें एक आफ्रिकी, एक युरोपियन व एक आशियाई अशा तिघांस मत द्यावें. मूठभर लोकांस लक्षावधींच्या बरोबरीनें बसविणारी ही अट अपमानाची होती, आणि पक्षांतील पुष्कळांचा कल बहिष्काराकडे होता. ताबोरा येथील अधिवेशनांत न्येरेरे यांनीं त्यांचें मन वळविलें: अट वाईट आहे, पण तिचाच उपयोग करूं. टानूनें आपले तसेच आपल्या पाठिंब्याचे युरोपियन व आशियाई उमेदवार निवडून आणले, आणि अटीचें विषच काढून घेतलें. १९६१ च्या ऑक्टोबरांत नागरिकत्वाचें विधेयक चर्चेस आलें तेव्हां त्यांच्याच पक्षांतील कांहीं सभासदांनीं नागरिकत्व आफ्रिकी वंशीयांपुरतें असावें असा आग्रह धरला. न्येरेरे तेव्हां मुख्य प्रधान होते. कातडीच्या रंगावरून माणूस ठरवूं लागलों तर हिटलरच्या लोकांत आणि आपल्यांत काय फरक राहिला, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आणि हें तत्त्व सभागृहानें नाकारल्यास सरकार राजीनामा देईल असें त्यांनीं स्पष्ट बजावलें. त्या देशांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या हिंदी कुटुंबांच्या दृष्टीनें तें भाषण किती मोलाचें होतें हें सांगावयास नको.

९ डिसेंबर १९६१ रोजीं देश स्वतंत्र झाला आणि अवघ्या सहा आठवड्यांनीं, २२ जानेवारी १९६२ ला, मुख्य प्रधानांनीं राजीनामा दिला! त्यांना कोणी काढलें नव्हतें. रशीदी कवावा यांच्या हातीं कारभार देऊन ते खेडोपाडीं पक्षाची बांधणी करण्यास निघून गेले. स्वातंत्र्य मिळालें म्हणजे काम संपलें अशी लोकांची समजूत होऊं लागली होती, ती त्यांना मोडावयाची होती. याच अवकाशांत त्यांनीं ‘उजामा’ हा निबंध लिहिला. ‘उजामा’ म्हणजे कुटुंबभाव. समाजवाद ही वर्गकलहाची शिकवणूक नसून आफ्रिकेच्या जुन्या एकत्र कुटुंबांत जी मनोवृत्ति होती तीच विस्तारानें देशाला लावावयाची, असा त्याचा आशय आहे. पाहुण्याला दोन दिवस पाहुणा म्हणून वागवावें आणि तिसऱ्या दिवशीं त्याच्या हातीं कुदळ द्यावी, अशा अर्थाची एक स्वाहिली म्हण त्यांच्या तोंडीं असे. एकत्र कुटुंबाचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांस येथें एक शंका येईल. त्या कुटुंबांत ऊब असते तसा कर्ताहि असतो. आणि कर्त्याचें चुकलें तर काय करावयाचें, याला त्या व्यवस्थेंत उत्तर नसतें. निबंधांतहि तें नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस प्रजासत्ताक स्थापन होऊन न्येरेरे अध्यक्ष झाले. आणि कोणासहि न्यायालयापुढें उभें न करतां अटकेंत ठेवण्याचा अधिकार सरकारला देणारा स्थानबद्धतेचा कायदाहि १९६२ चाच. १९६४ च्या जानेवारींत सैन्यानें बंड केलें, तें मोडण्यासाठीं ब्रिटिश सैनिक बोलावण्याची नामुष्की पत्करावी लागली, आणि पाठोपाठ कामगार संघटनांचे अनेक पुढारी तुरुंगांत गेले. एप्रिलांत झांझिबारशीं संयोग झाला. १९६५ पासून कायद्यानें एकच पक्ष राहिला. या एकपक्षीय पद्धतीचें समर्थन न्येरेरे यांनीं जितक्या हुशारीनें केलें आहे तितकें दुसऱ्या कोणींच केलेलें नाहीं. त्यांचा मुद्दा असा: जुन्या काळीं गांवचे वृद्ध झाडाखालीं बसत आणि एकमत होईपर्यंत बोलत, हीच आमची लोकशाही, जेथें मूलभूत भेदच नाहीं तेथें दोन पक्ष हा चेंडूचा खेळ होय. युक्तिवाद गोड आहे. परंतु पारावर बसलेल्या मनुष्याला न पटल्यास उठून घरीं जातां येतें. राज्याच्या पाराखालीं तुरुंग असतो. तरी न्याय करावयाचा तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, एका पक्षाच्या आंत कां होईना, त्यांनीं निवडणूक खरी ठेविली. १९६५ मध्यें बहुतेक मतदारसंघांत टानूचेच दोन उमेदवार उभे राहिले, एकाचें चिन्ह कुदळ व दुसऱ्याचें घर. आणि दोन मंत्री सपशेल पडले.

१९६६ च्या ऑक्टोबरांत दार-एस-सलामच्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं सक्तीच्या राष्ट्रसेवेविरुद्ध मोर्चा नेला. सेवाकाळांत पगाराचा मोठा भाग कापला जाणार होता, आणि याहून पारतंत्र्य बरें होतें अशा अर्थाचे फलक कांहींच्या हातीं होते. न्येरेरे यांनीं त्यांचें ऐकून घेतलें, आपला व बड्या अधिकाऱ्यांचा पगार एकपंचमांशानें कमी करीत असल्याचें तेथल्या तेथें सांगितलें, आणि सुमारें चारशें विद्यार्थ्यांस घरीं धाडून दिलें. पुढें त्यांतील बहुतेकांस परत घेण्यांत आलें. या एका प्रसंगांत सारा मनुष्य आहे. शिक्षा स्वतःपासून सुरू करणारा हा गुरुजी होता. पण शिक्षा ही गोष्ट त्याच्या हातून सुटत नव्हती.

५ फेब्रुवारी १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानें हीच स्वतःपासून सुरुवात सर्व पुढाऱ्यांस लागू झाली. पक्षाच्या व सरकारच्या अधिकाऱ्यानें दोन पगार घेऊं नयेत, घरें भाड्यानें देऊं नयेत, कंपन्यांचे हिस्से बाळगूं नयेत. आठवड्याच्या आंत बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. परंतु जाहीरनाम्याचा गाभा बँकांत नाहीं. पैसा हें विकासाचें मूळ नव्हे. जमीन, माणसें, शहाणें धोरण आणि चांगलें नेतृत्व हीं मुळें होत. बाहेरच्या मदतीवर उभें राहिलेलें राष्ट्र वांकतें. आणि शहरें जर कर्ज काढून वाढलीं तर तें कर्ज फेडणारा शेतकरीच असतो. राजकीय जाहीरनामे पुन्हां वाचण्याचा प्रसंग आम्हांवर क्वचित् येतो, पण हा पुन्हां वाचण्याजोगा आहे. शहरानें खेडें खाल्ल्याची तक्रार त्यांत जितकी स्पष्ट आहे तितकी त्या काळच्या समाजवादी वाङ्मयांत विरळा.

आणि आतां ज्या पानांकडे आम्हांस वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे तीं येतात. १९६७ च्या सप्टेंबरांत खेड्यांतील समाजवादावर आणि १९६८ च्या ऑक्टोबरांत स्वातंत्र्य व विकास यांवर न्येरेरे यांनीं दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यांचा आशय आमच्या शब्दांत असा: मनुष्याचा विकास दुसऱ्याला करून देतां येत नाहीं, तो ज्याचा त्यालाच करावा लागतो. घर बांधून देतां येईल; त्या घरांत राहणाऱ्याच्या ठायीं आत्मविश्वास बांधून देतां येत नाहीं. उजामा खेडें हुकमानें वसत नाहीं. शेतकऱ्याला जबरीनें हलविलें तर तो हलेल, पण जें वसेल तें उजामा असणार नाहीं. पुढाऱ्याचें काम समजावून सांगण्याचें आणि स्वतः करून दाखविण्याचें आहे, हांकण्याचें नाहीं. हीं पानें सत्तेवर असलेल्या मनुष्यानें लिहिलेलीं आहेत हें ध्यानांत धरून वाचलीं म्हणजे त्यांचें मोल कळतें.

अशीं खेडीं तेव्हां देशांत खरोखर होतींहि. दक्षिणेस रुवुमा प्रांतांत लितोवा व आसपासच्या गांवच्या शेतकऱ्यांनीं आपखुषीनें एकत्र येऊन सामायिक शेती, शाळा व लहान उद्योग चालविले होते, आणि न्येरेरे यांना त्यांचें मोठें कौतुक होतें. पण हीं खेडीं आपलें आपण ठरवीत, पक्षाच्या अधिकाऱ्यांस विचारीत नसत. १९६९ च्या सप्टेंबरांत पक्षाच्या मध्यवर्ती समितीनें त्यांची संघटना बंद करून टाकली. न्येरेरे यांनीं तें होऊं दिलें. निबंधाला आणि बंदीला पुरतें एक वर्षहि लोटलें नव्हतें.

पुढें १९७३ च्या नोव्हेंबरांत हुकूम सुटला कीं, १९७६ अखेर सर्व ग्रामीण जनतेनें खेड्यांत राहिलें पाहिजे. ही आतां इच्छेची बाब नाहीं. विरळ विखुरलेल्या झोपड्यांतून माणसें काढून रस्त्याच्या कडेला ओळीनें आंखलेल्या जागीं नेण्यांत आलीं. तीन वर्षांत निदान पन्नास लक्ष माणसें हलविलीं गेलीं असा अंदाज आहे. कित्येक ठिकाणीं लष्कराच्या गाड्या आल्या; परत फिरतां येऊं नये म्हणून जुनीं घरें जाळलीं गेलीं. कोणत्या उतारावर केव्हां पेरावें, कोणती जमीन किती वर्षें पडीक ठेवावी, हें ज्ञान त्या-त्या जागेशीं बांधलेलें असतें; तें गाडींत घालून नेतां येत नाहीं. त्यांत १९७३-७४ चें अवर्षण आणि तेलाच्या किंमतींचा भडका यांची भर पडून देशाला परदेशांतून धान्य आणावें लागलें. अवर्षण नसतें तर हाल कमी झाले असते, हें खरें. पण सक्ती अवर्षणानें केली नव्हती.

हें कां घडलें? न्येरेरे ढोंगी होते, असें सोपें उत्तर त्यांचे शत्रु देतात. आम्हांस तें मान्य नाहीं. ढोंगी मनुष्य आपल्याविरुद्धचा पुरावा इतक्या सुबक भाषेंत छापून ठेवीत नाहीं. सत्तेच्या लोभानें घडलें असेंहि नाहीं; या मनुष्यानें पैसा केला नाहीं, आणि राजीनामा देण्याची त्याला भीति नव्हती. आमच्या मतें उत्तर शाळेंत आहे. चांगला शिक्षक वर्षानुवर्षें समजावून सांगतो. मुलें ऐकतात, माना डोलावतात आणि घरीं जाऊन पूर्वींसारखेंच वागतात. १९७३ पर्यंत आपखुषीनें उजामा खेड्यांत गेलेल्यांची संख्या थोडी होती. आपण सांगतों तें त्यांच्याच हिताचें आहे, शाळा, दवाखाना आणि नळाचें पाणी विखुरलेल्या झोपड्यांपर्यंत नेतां येत नाहीं, आणि वेळ निघून चालला आहे, हें त्यांना ढळढळीत दिसत होतें. अशा वेळीं शिक्षकाच्या हातीं छडी येते. ब्रूटसची खोट ती हीच. विद्यार्थ्याला न पटण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट ज्यानें स्वतः लिहिली, त्यालाच ती त्या क्षणीं आठवली नाहीं. भाषांतर करतांना जो मनुष्य भाषेच्या कलाप्रमाणें घेत होता, शब्द बसत नाहीं असें दिसल्यावर सहा वर्षांनीं दुरुस्त आवृत्ति काढीत होता, त्यानें शेतकऱ्याच्या कलाप्रमाणें घेण्याचें नाकारलें. आणि जळलेल्या घराची दुरुस्त आवृत्ति निघत नाहीं.

हिंदी लोकांच्या बाबतींतहि अशीच वाट वांकडी झाली. रंगावरून भेद नको म्हणणाऱ्या सरकारांत अमीर जमाल हे हिंदी वंशाचे गृहस्थ अर्थमंत्री होते, हें भूषणावह आहे. पण १९७१ सालीं एक लक्ष शिलिंगांवर किंमतीच्या भाड्यानें दिलेल्या इमारती सरकारनें ताब्यांत घेतल्या तेव्हां त्यांतील बहुसंख्य हिंदी कुटुंबांच्या निघाल्या. कायद्यांत वंशाचें नांव नव्हतें, परिणामांत होतें. हजारों लोक देश सोडून गेले. शेजारच्या युगांडांत पुढच्याच वर्षीं इदी अमीननें जें केलें त्याशीं याची तुलना करणें अन्यायाचें होईल. पण ‘बेपारी’ या शब्दाची तेथें जी गत झाली, तिचा अर्थ या घरांच्या मालकांस कळला असेल.

दुसऱ्या पारड्यांत काय पडतें तेंहि पाहिलें पाहिजे. १९६७ मध्यें प्रौढांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा लोकांस लिहितां-वाचतां येत होतें; १९८० नंतरच्या सरकारी मोजणींत हें प्रमाण तीनचतुर्थांशावर गेलें. प्राथमिक शिक्षण सर्वांना स्वाहिलींतून मिळूं लागलें, आणि जमातीजमातींच्या कत्तलींनीं शेजारचे देश पोळत असतां हा देश वांचला, याचें श्रेय त्या भाषेस पुष्कळ आहे. १९७८ मध्यें अमीनच्या सैन्यानें कागेरा भागावर आक्रमण केल्यावर न्येरेरे यांनीं युद्ध पुकारलें आणि १९७९ च्या एप्रिलांत कंपाला पडून अमीनची राजवट संपली. त्या युद्धाचा खर्च मात्र दरिद्री देशाला वर्षानुवर्षें पुरला. कारखाने अर्ध्या ताकदीनें चालत होते, दुकानांत साबण नव्हता, आणि चलनाची किंमत उतरविण्यावरून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशीं भांडण जुंपलें होतें. अर्थशास्त्र घेऊन एम्. ए. झालेल्या या मनुष्याला सरकारी मालकी आणि सरकारी कार्यक्षमता यांतील अंतर वेळेवर उमगलें नाहीं, असें म्हणणें भाग आहे.

१९८४ सालीं एका मुलाखतींत न्येरेरे यांनीं म्हटलें कीं, पुन्हां आरंभ करावयाचा झाल्यास दोन गोष्टी आपण करणार नाहीं: स्थानिक स्वराज्य संस्था बरखास्त करणें आणि सहकारी संघ मोडणें. या कबुलीचें महत्त्व मोठें आहे, कारण या दोन्ही संस्था म्हणजे शेतकऱ्याला ‘नाहीं’ म्हणण्याच्या जागा होत्या. १९८५ मध्यें त्यांनीं अध्यक्षपद सोडलें व अली हसन म्विन्यी यांच्या हातीं दिलें. आफ्रिकेंत त्या वेळेपर्यंत सत्ता आपण होऊन सोडणारे अगदीं मोजके होते. म्विन्यी, त्यांच्यामागून म्कापा आणि त्यांच्यामागून किक्वेते हे तिघेहि दोन-दोन मुदती पुऱ्या करून मुकाट्यानें घरीं गेले. हा वस्तुपाठ कोणत्याहि निबंधांत लिहिलेला नाहीं. पण त्यांच्या सर्व पाठांत हाच नीट गिरविला गेला.

निवृत्तीनंतर ते बुतिआमास शेती करून राहिले, बुरुंडीतील यादवी मिटविण्यासाठीं खपले, आणि १९९५ चा पहिला गांधी शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. १४ ऑक्टोबर १९९९ रोजीं लंडनमध्यें रक्ताच्या कर्करोगानें त्यांचा अंत झाला. त्यापूर्वीं तीन वर्षें, १९९६ मध्यें, त्यांचीं शेवटचीं मोठीं भाषांतरें छापून निघालीं. शुभवर्तमानें त्यांनीं स्वाहिली पद्यांत आणलीं. आणि या वेळीं छंद निवडला तो जुना, ओवीसारखा, उतेंझी. ‘सीझर’मध्यें सोडलेलें यमक त्यांनीं पुन्हां हातीं घेतलें. अशिक्षित म्हातारीलाहि ऐकून पाठ व्हावें, असें हें पद्य आहे. येथें कोणाची परीक्षा घ्यावयाची नव्हती, भाषेचीहि नाहीं.